ॲड-ऑन कार्डावर घेतलेल्या वस्तूला विमा लागू होतो का? गोव्यातल्या घरांसाठी मार्गदर्शन

चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की गोव्यातल्या घरांत नवीन वस्तू येऊ लागतात. टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, कॉलेजला जाणाऱ्या मुलीसाठी लॅपटॉप. त्याच आठवड्यात पर्वरी, मडगाव, वास्को इथले फ्लॅट बंद करून माणसे सत्तरी, पेडणे, फोंड्याकडच्या मूळ घरी जातात. नवी कोरी वस्तू घरात आणि घराला चार-पाच दिवस कुलूप. अशा वेळी ‘कार्डावर घेतलंय, त्याला इन्शुरन्स असतो’ हे वाक्य हमखास ऐकू येते. कधी ते खरे असते, कधी अर्धेच. आणि ज्या कार्डावर खरेदी झाली ते ॲड-ऑन असेल, म्हणजे वडिलांच्या खात्यावर मुलाला किंवा नवऱ्याच्या खात्यावर बायकोला दिलेले, तर खरेदीच्या आधी थोडी चौकशी करायलाच हवी. ज्यांच्या हातात असे कार्ड नुकतेच आले आहे, त्यांच्यासाठी ही चौकशी कशी करायची ते पुढे क्रमाने दिले आहे.

आधी पाया समजून घ्या

पर्चेस प्रोटेक्शन म्हणजे कार्डावर घेतलेल्या वस्तूचा ठरावीक दिवसांपुरता विमा. हा विमा बँक स्वतः देत नाही. बँक एखाद्या सर्वसाधारण विमा कंपनीकडून आपल्या कार्डधारकांसाठी गट पॉलिसी घेते आणि तिचा लाभ कार्डासोबत देते. आपल्याकडे या पॉलिसीत मुख्यतः आग आणि घरफोडी ही दोन संकटे धरलेली असतात, काही वरच्या दर्जाच्या कार्डांवर अपघाती नुकसानही. मुदत खरेदीच्या तारखेपासून मोजतात. ती कुठे ३० दिवस, कुठे ९०, कुठे १८० दिवस असते.

वस्तू सदोष निघाली तर हा विमा कामाचा नाही. त्यासाठी वॉरंटी आहे. ऑनलाइन मागवलेली वस्तू आलीच नाही किंवा भलतीच आली, तर बँकेकडे त्या व्यवहाराबद्दल डिस्प्यूट नोंदवायचा असतो. कोणी कार्ड चोरून वापरले तर तो फसवणुकीचा मामला, आणि तिथे घाई सर्वात महत्त्वाची: बँकेला ताबडतोब कळवा, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाने घालून दिलेल्या चौकटीत, तुमची चूक नसताना तिसऱ्याच कोणामुळे झालेला गैरवापर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवला तर तुमच्यावर बोजा येत नाही. उशीर होईल तसा बोजा वाढतो. पर्चेस प्रोटेक्शन या सगळ्यांहून वेगळे: वस्तू रीतसर घेतली, घरी आली आणि मग तिच्यावर संकट आले, एवढ्यापुरतेच.

आता ॲड-ऑनचे. रिझर्व्ह बँकेचे कार्डविषयक निर्देश स्पष्ट आहेत: मुख्य कार्डधारकाने नाव घेऊन सांगितलेल्या व्यक्तीलाच ॲड-ऑन कार्ड द्यायचे आणि त्यावरच्या सगळ्या देण्याची जबाबदारी मुख्य कार्डधारकाची. मुलाने म्हापशात चाळीस हजारांची वस्तू घेतली तर बिल बाबांच्याच स्टेटमेंटवर येणार आणि थकले तर नोंदही बाबांच्याच नावावर होणार. पण देणे असे बाबांकडे आले म्हणून विम्याचे छत्र आपोआप मुलाच्या खरेदीवर पसरत नाही. ते ठरते फक्त त्या गट पॉलिसीच्या मजकुरावर. ज्या घरात एका खात्यावर दोन-तीन कार्डे फिरतात, तिथे हा फरक सर्वांना माहीत असायला हवा. पैसे भरणाऱ्याला तर हवाच.

पायरी १: पॉलिसीचा कागद मिळवा

जाहिरातीत किंवा ॲपमध्ये ‘पर्चेस प्रोटेक्शन १ लाखापर्यंत’ अशी एक ओळ असते. त्या ओळीवर क्लेम मिळत नाही. बँकेकडे पॉलिसीच्या अटींची प्रत किंवा विमा प्रमाणपत्र मागा. तिथे विमा कंपनीचे नाव, पॉलिसी क्रमांक, पॉलिसीचा कालावधी आणि रक्कम, या चार गोष्टी दिसल्या पाहिजेत.

कालावधी नीट पाहा. गट पॉलिसी बहुधा दरवर्षी नव्याने होते, विमा कंपनी बदलू शकते, कधी बँक लाभच काढून घेते. कार्डासोबत तीन वर्षांपूर्वी आलेल्या पुस्तिकेवर विसंबून राहू नका. आज चालू असलेली पॉलिसी हवी.

पायरी २: विमा कोणाचा आहे ते शोधा

सगळा लेख ज्यासाठी लिहिला ती ही पायरी, म्हणून इथे थांबून वाचा. पॉलिसीच्या सुरुवातीला व्याख्या दिलेल्या असतात. त्यांत विमाधारक कोण, कार्डधारक कोण, हे पाहायचे. साधारण तीन प्रकार आढळतात.

पहिल्या प्रकारात मुख्य आणि ॲड-ऑन असे दोन्ही कार्डधारक स्पष्ट लिहिलेले असतात. हे उत्तम. तरीही रक्कम तपासा: एक लाखाची मर्यादा बहुधा पूर्ण खात्याची असते, प्रत्येक कार्डाला वेगवेगळा लाख मिळत नाही. आईने एक क्लेम घेतला असेल तर मुलीसाठी त्या वर्षात उरलेलीच रक्कम असेल.

दुसऱ्या प्रकारात ‘फक्त मुख्य कार्डधारक’ असे लिहिलेले असते. मग ॲड-ऑनवर घेतलेल्या वस्तूला काहीही मिळणार नाही, ती वस्तू मुख्य कार्डधारकाच्याच घरात असली तरी.

तिसरा प्रकार सर्वात त्रासाचा. नुसते ‘कार्डधारक’ किंवा ‘कार्ड खात्यावरील खरेदी’ एवढेच लिहिलेले असते आणि ॲड-ऑनचा उल्लेखच नसतो. इथे आपण आपल्या सोयीचा अर्थ लावतो आणि क्लेमच्या वेळी कंपनी तिच्या सोयीचा लावते. असा मजकूर असेल तर बँकेकडून लेखी खुलासा घेतल्याशिवाय ॲड-ऑनवर मोठी खरेदी करू नये, असे माझे ठाम मत आहे.

एक गोष्ट मात्र तिन्ही प्रकारांत धरून चाला: क्लेम दाखल करताना बँक बोलणार ती मुख्य कार्डधारकाशी. नोंदवलेला मोबाइल त्यांचा, ईमेल त्यांचा, क्लेमची रक्कमही बहुधा त्यांच्याच कार्ड खात्यात जमा होणार. त्यामुळे मुलगी बांबोळीला शिकत असेल आणि बाबा साखळीला असतील, तर ‘काही झाले तर पहिला फोन बाबांना’ हे आधीच ठरवून ठेवा.

पायरी ३: चोरी आणि घरफोडी यांतला फरक

सर्वसामान्य माणसाला वस्तू गेली की ती चोरी. विम्यात तसे नसते. बहुतेक पॉलिसींत घरफोडी म्हणजे बळजबरीने आत शिरून किंवा बळजबरीने बाहेर पडून केलेली चोरी. कडी तोडलेली, ग्रिल वाकवलेले, कौले काढलेली, असा काहीतरी माग हवा. सर्वोच्च न्यायालयानेही २००४ च्या एका निकालात हेच सांगितले: पॉलिसीत घरफोडीची व्याख्या बळजबरीसह दिली असेल तर नुसत्या चोरीवर भरपाई मागता येत नाही, पॉलिसीचे शब्द पाळावेच लागतात.

हे आपल्या गोव्यातल्या राहणीला लावून बघा. कुरिअरवाल्याने खोके बाल्कांवात (घरापुढच्या उघड्या ओसरीत) ठेवले, तुम्ही कामावरून येईपर्यंत ते गेले. बळजबरी नाही. मिरामारला स्कूटर लावून डिकीत नवीन कॅमेरा ठेवला आणि तुम्ही किनाऱ्यावर गेलात. डिकी फोडली तरी अनेक पॉलिसी वाहनात बिनराखणीची ठेवलेली वस्तू वगळतात. होस्टेलच्या खोलीचे दार उघडे होते, लॅपटॉप गेला. पुन्हा बळजबरी नाही. चवथीला गावी गेल्यावर फ्लॅटचे लॅच तोडून टीव्ही नेला, ही मात्र घरफोडी. ‘कुठे हरवली कळत नाही’ अशा वस्तूला जवळपास कुठेच भरपाई नाही.

तुमच्या पॉलिसीत ‘घरफोडी’ आहे की ‘घरफोडी आणि चोरी’ आहे, हे एकदा शांतपणे वाचा. त्यावर फार काही अवलंबून आहे.

आगीचेही एक कलम पाहण्यासारखे आहे. पावसाळ्यात व्होल्टेज वरखाली होते, शॉर्ट सर्किट होते. आगीच्या विम्यात सहसा ज्या उपकरणात शॉर्ट सर्किट झाले ते उपकरण वगळलेले असते. त्यातून आग पसरून शेजारच्या वस्तू जळल्या तर त्या धरल्या जातात. म्हणजे फ्रिज आतल्या आत जळाला तर त्याला काही नाही. फ्रिजमुळे पेट घेऊन नवीन टीव्ही जळाला, तर टीव्हीचा क्लेम होऊ शकतो.

पायरी ४: काय वगळले आहे, आणि कुठल्या पत्त्यावर

सोने-दागिने, रोख, वाहने, नाशवंत माल हे जवळजवळ नेहमीच वगळलेले असतात. मोबाइल फोन अनेक पॉलिसींत वगळलेला असतो, आणि ॲड-ऑनधारक मुले सर्वात जास्त घेतात तो मोबाइलच! तेव्हा ही यादी त्यांना आधी दाखवा.

धंद्यासाठी घेतलेली वस्तू हा गोव्यातला खास मुद्दा. घराच्या मागच्या दोन खोल्या पर्यटकांना देणारी कुटुंबे कितीतरी आहेत. त्या खोलीसाठी बायकोच्या ॲड-ऑन कार्डावर एसी घेतला आणि बिलावर धंद्याचा जीएसटी क्रमांक घातला, तर ती वस्तू व्यावसायिक ठरते आणि बहुतेक पॉलिसी ती नाकारतात. जीएसटीची वजावट हवी असेल तर जरूर घ्या, पण मग या विम्याची आशा ठेवू नका. अशा वस्तूंसाठी धंद्याचा वेगळा विमा घेतलेलाच बरा.

पत्ताही महत्त्वाचा. काही पॉलिसी बँकेत नोंदवलेल्या राहत्या घरातच वस्तू असावी अशी अट घालतात. वडिलांचा पत्ता डिचोलीचा आणि मुलगा ताळगावला भाड्याच्या खोलीत, असे असेल तर त्या खोलीतली वस्तू धरतात का, हा प्रश्न लेखी विचारा.

पायरी ५: बँकेला एक ईमेल

कस्टमर केअरवर फोनवर मिळालेले ‘हो सर, सगळं कव्हर आहे’ पुढे हाती लागत नाही. मुख्य कार्डधारकाने आपल्या नोंदवलेल्या ईमेलवरून असे काहीतरी लिहावे:

‘माझ्या कार्ड खात्यावर माझ्या मुलीच्या नावे ॲड-ऑन कार्ड आहे. कृपया पुढील गोष्टी लेखी कळवाव्यात. या कार्डावर सध्या पर्चेस प्रोटेक्शन लागू आहे का? असल्यास विमा कंपनी, पॉलिसी क्रमांक व कालावधी काय? ॲड-ऑन कार्डाने केलेल्या खरेदीला ते लागू आहे का, आणि मर्यादा खात्याला एकत्र आहे की कार्डाला वेगळी? माझ्या मुलीच्या वेगळ्या पत्त्यावर असलेली वस्तू त्यात येते का? चोरी धरली जाते की फक्त घरफोडी? ईएमआयवर आणि यूपीआयने केलेली खरेदी धरली जाते का? घटना किती दिवसांत कळवावी लागते? पॉलिसीच्या अटींची प्रत जोडावी.’

कार्ड क्रमांक पूर्ण लिहू नका, शेवटचे चार आकडे पुरेत. उत्तर आले की ते जपून ठेवा, शक्य तर छापूनही.

यूपीआयचा प्रश्न उगाच घातलेला नाही. २०२२ पासून रूपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येते आणि दुकानात क्यूआर स्कॅन करून कार्डावरच खर्च टाकता येतो. पॉलिसीचा मजकूर जुना असेल तर त्यात या प्रकाराचा विचारच केलेला नसतो. कार्डावरून वॉलेटमध्ये पैसे भरून वॉलेटमधून वस्तू घेतली, तर ती कार्डावरची खरेदी मानली जाण्याची शक्यता आणखी कमी.

पायरी ६: कोणाचे कार्ड स्वाइप करायचे ते ठरवा

उत्तर हातात आले की निर्णय सोपा होतो. संरक्षण फक्त मुख्य कार्डाला असेल तर मोठी वस्तू मुख्य कार्डावरच घ्या, मुलीसाठी असली तरी. दोघांना असेल तर जिच्याकडे वस्तू राहणार तिच्या कार्डावर घेणे चांगले, कारण बिलावरचे नाव, कार्डावरचे नाव आणि पत्ता जुळतात. नावे जुळली की क्लेमच्या वेळी निम्मे प्रश्न उठतच नाहीत.

पूर्ण रक्कम एकाच कार्डावर टाका. अर्धे रोख, अर्धे कार्ड असे केले तर काही पॉलिसी कार्डावरच्या भागापुरतेच पैसे देतात, काही संपूर्ण क्लेम नाकारतात. आणखी एक अट नेहमी डोळ्यांआड होते: अनेक बँका विम्याचा लाभ चालू ठेवण्यासाठी ठरावीक दिवसांत कार्ड वापरलेले असावे आणि खाते थकलेले नसावे असे सांगतात. कपाटात पडून असलेले कार्ड एकदाच काढून टीव्ही घेतला, तर ही अट आड येऊ शकते.

घरी आल्यावर पाच मिनिटांचे काम आहे. बिलाचा फोटो, चार्ज स्लिपचा (कार्ड मशीनमधून निघणाऱ्या पावतीचा) फोटो, वस्तूवरच्या सीरियल नंबरचा फोटो. तिन्ही मुख्य कार्डधारकाला पाठवून ठेवा. चार्ज स्लिपची शाई गोव्याच्या दमट हवेत काही महिन्यांत उडते, म्हणून फोटो त्याच दिवशी.

घटना घडलीच तर

घरात शिरण्याआधी दाराचे, कडीचे, खिडकीचे फोटो घ्या. काही हलवू नका. ११२ वर फोन करा. आग असेल तर १०१, बंब येऊन गेल्यावर अग्निशामक दलाकडे अहवालासाठी अर्ज करा.

पोलिसांत जाताना बिल सोबत न्या, म्हणजे एफआयआरमध्ये वस्तूचे वर्णन आणि सीरियल नंबर अचूक येतो. नुसत्या तक्रारीच्या पोचवर थांबू नका, विमा कंपनी एफआयआरच मागते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी जवळच्या ठाण्यात माहिती देता येते. ती इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेही देता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत तुम्हाला मोफत मिळायला हवी. कडी तोडली आहे, ग्रिल कापले आहे, हे एफआयआरमध्ये आणि पंचनाम्यात लिहिले गेले आहे का ते सही करण्याआधी वाचा. तिसऱ्या पायरीतला फरक इथेच ठरतो. जे घडले तेच सांगा. उघडे राहिलेले दार फोडले होते असे सांगणे हा खोटा क्लेम, आणि त्याने पुढचे सगळेच हातचे जाते.

त्याच दिवशी मुख्य कार्डधारकाने बँकेला आणि विमा कंपनीला ईमेल करावा. कागद नंतर जोडता येतात, कळवणे आधी. उशीर झालाच तर खचू नका: विमा नियामकाने २०११ मध्येच कंपन्यांना बजावले आहे की उशिराचे रास्त कारण असेल तर केवळ तेवढ्यावर खरा क्लेम फेटाळू नये. कारण मात्र लेखी द्या, जसे की घर बंद होते आणि चोरी गावाहून परत आल्यावर कळली.

क्लेमसाठी सहसा लागतात ते कागद: भरलेला अर्ज, बिल, चार्ज स्लिप, तो व्यवहार दाखवणारे स्टेटमेंट, एफआयआर आणि पंचनामा किंवा आगीचा अहवाल, फोटो, मुख्य आणि ॲड-ऑन दोघांची ओळखपत्रे, ॲड-ऑन कार्ड त्या खात्यावरचे आहे हे दाखवणारा बँकेचा कागद. पुढे तपास लागला नाही असा पोलिसांचा अंतिम अहवालही मागतात आणि त्याला वेळ लागतो. त्या काळात कार्डाचे बिल भरत राहा. ‘क्लेमचे पैसे आले की भरू’ असे केले तर व्याज चढते आणि खाते थकल्याच्या कारणावरून क्लेमही अडचणीत येतो.

घराचा वेगळा विमा असेल तर तो लपवू नका. कार्डावरचे संरक्षण बऱ्याचदा दुसऱ्या विम्यातून न मिळालेल्या भागापुरतेच असते.

नाकारले तर कुठे जायचे

आधी नकार लेखी आणि कलम क्रमांकासह मागा. ‘ॲड-ऑनला लागू नाही’ असे म्हणत असतील आणि पाचव्या पायरीतले बँकेचे उत्तर उलट सांगत असेल, तर ते उत्तर तक्रारीला जोडा.

नकार विमा कंपनीचा असेल तर तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, मग विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ वर. महिनाभरात समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते. गट पॉलिसीच्या तक्रारीही तिथे घेतल्या जातात, फी नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत जायचे.

चूक बँकेची असेल, म्हणजे तिने चुकीची माहिती दिली किंवा क्लेम पुढे पाठवलाच नाही, तर बँकेकडे तक्रार करून ३० दिवस थांबा. उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, मदतीसाठी १४४४८. ग्राहक म्हणून तिसरा मार्ग उत्तर किंवा दक्षिण गोवा जिल्हा ग्राहक आयोगाचा. तिथे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे आणि ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही. जाण्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोलून घ्या. तक्रार लिहिताना अर्जदार म्हणून मुख्य कार्डधारकाचे नाव घाला आणि वस्तू वापरणाऱ्या ॲड-ऑनधारकाचा उल्लेख नात्यासह करा. दोघांच्याही सह्या असल्या तर ‘तुमचा संबंध काय’ या प्रश्नात वेळ जात नाही.